कुओमिंतांग: लोकांना लोकशाही शिकवायला निघालेला पक्ष

आजचा विषय लांबच्या देशातला आहे, पण त्यातला प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. एखाद्या देशातले लोक लोकशाहीसाठी ‘तयार’ आहेत की नाहीत, हे ठरवायचं कोणी? इंग्रज सरकार आपल्याला सांगायचं की तुम्ही अजून तयार नाही, हळूहळू देऊ. ते परके होते, त्यामुळे त्यांचा हेतू ओळखणं सोपं होतं. पण हीच गोष्ट आपलाच, देशभक्त, क्रांतिकारक पक्ष सांगू लागला तर? चीनमध्ये तसं घडलं. त्या पक्षाचं नाव कुओमिंतांग.

आधी नावाचा अर्थ पाहू. ‘कुओ’ म्हणजे देश, ‘मिन’ म्हणजे लोक आणि ‘तांग’ म्हणजे पक्ष. आपल्याकडे या पक्षाची ओळख बहुतेक वेळा माओच्या बाजूने होते: चँग कै-शेकचा पक्ष, जो १९४९ साली हरला आणि तैवानला पळाला. ते खरं आहे, पण ती गोष्टीची मधली पानं झाली. आपण आज पहिल्या पानापासून सुरुवात करू.

डॉक्टर, क्रांतिकारक आणि एक निवडणूक

सन यत्-सेन यांचा जन्म १८६६ चा, दक्षिण चीनमधल्या क्वांगतुंग प्रांतातल्या एका खेड्यातला. थोरला भाऊ हवाईमध्ये होता, म्हणून तेराव्या वर्षी हे तिकडे गेले. पुढे हाँगकाँगला वैद्यकीय शिक्षण घेतलं आणि १८९२ साली डॉक्टर झाले. दोनच वर्षांनी, १८९४ मध्ये, होनोलुलूला त्यांनी पहिली क्रांतिकारी संघटना काढली. १८९५ चा क्वांगचौमधला उठाव फसला आणि त्यानंतरची सोळा वर्षं हा माणूस बहुतेक काळ देशाबाहेरच राहिला. १८९६ मध्ये लंडनमध्ये चिनी वकिलातीने त्यांना डांबून ठेवलं होतं. त्यांचे जुने शिक्षक डॉ. जेम्स कँटली यांनी धावपळ केली म्हणून सुटले.

१९०५ साली टोकियोत वेगवेगळे गट एकत्र आले आणि ‘तुंगमेंगहुई’ ही संघटना झाली. तिथेच त्यांचा प्रसिद्ध कार्यक्रम आकाराला आला. त्याला म्हणतात ‘सान-मिन’, म्हणजे तीन ‘मिन’, लोकांविषयीची तीन तत्त्वं: राष्ट्रवाद, लोकसत्ता आणि लोकांचं जगणं. या तत्त्वांकडे आपण थोड्या वेळाने येऊ.

१० ऑक्टोबर १९११ ला वूचांगमध्ये सैनिकांनी बंड केलं. सन तेव्हा अमेरिकेत डेन्व्हरला होते, त्यांना बातमी वर्तमानपत्रातून कळली. म्हणजे ज्या क्रांतीसाठी आयुष्य घालवलं ती प्रत्यक्ष घडली तेव्हा हे तिथे नव्हते. १ जानेवारी १९१२ ला ते नानजिंगमध्ये हंगामी अध्यक्ष झाले खरे, पण सैन्य होतं युआन शिकाई या जुन्या सेनापतीच्या हातात. युआनने बालसम्राटाला पायउतार करायला लावलं आणि त्याच्या बदल्यात अध्यक्षपद घेतलं.

आता कुओमिंतांगचा जन्म. २५ ऑगस्ट १९१२, बीजिंग. तुंगमेंगहुई आणि काही छोटे पक्ष मिळून हा नवा पक्ष झाला. यामागे डोकं होतं सुंग च्याओरन या तिशीतल्या तरुणाचं. त्याचा विचार सरळ होता. बंदूक युआनकडे असेल तर असू दे, आपण निवडणूक जिंकू, संसदेत बहुमत आणू आणि मंत्रिमंडळ आपलं करू.

मात्र छोट्या पक्षांना बरोबर घेण्यासाठी काही गोष्टी सोडाव्या लागल्या. जमिनीचा प्रश्न मवाळ झाला आणि स्त्री-पुरुष समानतेचं कलमच गाळलं गेलं. क्रांतीत भाग घेतलेल्या बायका स्थापनेच्या सभेत चालून आल्या, आणि तांग छुनयिंग यांनी भर सभेत सुंग च्याओरनच्या थोबाडीत मारली. हा किस्सा हसण्यावारी नेऊ नका. ‘तुमची वेळ अजून आली नाही’ हे वाक्य या पक्षाने पहिल्याच दिवशी कुणालातरी ऐकवलं होतं, एवढं लक्षात ठेवा.

निवडणूक झाली. मतदार फक्त पुरुष, तेही कर, मालमत्ता किंवा शिक्षणाची अट पुरी करणारे. तरीही चीनच्या इतिहासात हे नवं होतं. कनिष्ठ सभागृहाच्या ५९६ जागांपैकी २६९ कुओमिंतांगला मिळाल्या. सगळ्यात मोठा पक्ष. सुंग पंतप्रधान होणार असं लोक धरून चालले होते. २० मार्च १९१३ ला शांघायच्या रेल्वे स्टेशनवर त्याला गोळी घातली गेली, आणि दोन दिवसांनी तो गेला. संशय युआनच्या माणसांवर होता. वर्षाच्या आत युआनने पक्षावर बंदी घातली आणि संसदही मोडून टाकली.

पराभवातून काय धडा घेतला?

इथे आपण जरा थांबू, कारण पुढचं सगळं या वळणावर ठरलं. त्या पराभवाचे दोन अर्थ लावता येत होते. एक असा की ज्याच्या हातात सैन्य आहे त्याला कायद्याचा लगाम नव्हता, म्हणून लगाम घट्ट करा. दुसरा असा की आपला पक्ष ढिला होता, लोक अडाणी होते, आपण लोकशाहीची घाई केली. सन यत्-सेन यांनी प्रामुख्याने दुसरा अर्थ घेतला.

१९१४ मध्ये टोकियोत त्यांनी नवा, गुप्त पक्ष काढला. सभासदाने व्यक्तिशः सन यांच्या आज्ञेत राहण्याची शपथ घ्यायची आणि तिच्यावर अंगठ्याचा ठसा उमटवायचा. त्यांचे जुने सहकारी हुआंग शिंग यांनी याला साफ नकार दिला. राजेशाही मोडायला निघालेल्यांनी एका माणसाला शपथ कशी वाहायची, हा आक्षेप अगदी रास्त होता. सन बधले नाहीत.

युआन १९१६ मध्ये वारला आणि चीन वेगवेगळ्या लष्करी सरदारांच्या हातात वाटला गेला. १९१९ साली सन यांनी पक्षाला पुन्हा ‘कुओमिंतांग’ हे नाव दिलं. त्यांनी पाश्चात्त्य देशांकडे मदत मागितली, पण हाती काही लागलं नाही. मदत आली सोव्हिएत रशियाकडून. १९२३ च्या अखेरीस मिखाईल बोरोदिन सल्लागार म्हणून क्वांगचौला आले. जानेवारी १९२४ च्या पहिल्या अधिवेशनात पक्षाची बांधणी रशियन पद्धतीने झाली: तळाशी शाखा, वर समित्या, सगळ्यात वर नेता, आणि वरून आलेला निर्णय खाली बंधनकारक. चिनी कम्युनिस्टांनाही व्यक्तिगत सभासद म्हणून आत घेतलं. त्याच वर्षी व्हांपोआची लष्करी शाळा निघाली. प्रमुख चँग कै-शेक, आणि तिथल्या राजकीय विभागाचं काम पुढे चौ एन-लाय यांनी पाहिलं. पुढची वीस वर्षं एकमेकांशी लढणारी माणसं एका शाळेच्या आवारात होती.

एक गंमत पाहा. हा पक्ष विचाराने कम्युनिस्ट नव्हता. वर्गसंघर्ष सन यांना मान्य नव्हता, तो त्यांना समाजाचा आजार वाटे. पण पक्षाचा सांगाडा कम्युनिस्ट पक्षासारखाच झाला.

तीन तत्त्वं: तीही व्याख्यानंच

आता विचारसरणीकडे येऊ. व्याख्यानं ऐकणाऱ्या आपल्यासारख्यांना एक गोष्ट आवडेल. पक्षाचा मूळ ग्रंथ असलेलं ‘तीन तत्त्वं’ हे पुस्तक म्हणजे व्याख्यानांचं शब्दांकनच आहे. सन यांनी लिहिलेली टिपणं १९२२ मध्ये चेन च्युंगमिंग या सेनापतीच्या बंडात नष्ट झाली. मग १९२४ मध्ये जानेवारी ते ऑगस्ट त्यांनी क्वांगचौमध्ये सोळा व्याख्यानं दिली, ती लिहून घेतली गेली आणि त्यांचं पुस्तक झालं. राष्ट्रवादावर सहा, लोकसत्तेवर सहा, लोकांच्या जगण्यावर चार. शेवटचा भाग अपुराच राहिला.

पहिलं तत्त्व, राष्ट्रवाद. १९११ पूर्वी याचा अर्थ होता मांचू राजघराण्याला हटवा. १९२४ मध्ये रोख परकीय सत्तांकडे वळला: असमान तह, परदेशी वसाहती, परक्यांच्या हातातली जकात. सन म्हणत, चिनी समाज सैल वाळूसारखा आहे. प्रत्येक कण सुटा. घराण्याशी निष्ठा आहे, कुळाशी आहे, पण देशाशी नाही. आणि इथून ते एक धक्कादायक निष्कर्ष काढतात. युरोपातल्या लोकांना स्वातंत्र्य कमी होतं म्हणून ते त्यासाठी लढले. आपल्याकडे मात्र व्यक्तीचं स्वातंत्र्य जास्तच झालंय. स्वातंत्र्य हवं ते राष्ट्राला, व्यक्तीने त्यासाठी थोडं सोडावं.

दुसरं तत्त्व, लोकसत्ता. यात सन यांची खरी कल्पकता दिसते. ते ‘अधिकार’ आणि ‘क्षमता’ वेगळे करतात. मोटार मालकाची असते, पण चालवतो चालक. रोज कुठल्या रस्त्याने जायचं हे चालकाला ठरवू द्यावं, मालकाकडे त्याला नेमायचा आणि काढायचा हक्क असला म्हणजे झालं. म्हणून लोकांना चार हक्क: निवडून देणं, परत बोलावणं, कायदा सुचवणं आणि कायद्यावर सार्वमत घेणं. सरकारच्या शाखा मात्र पाच. पाश्चात्त्यांच्या तीन, म्हणजे कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायसंस्था. आणि चिनी परंपरेतल्या दोन, म्हणजे परीक्षा आणि देखरेख. अधिकारी परीक्षा देऊन यावा आणि त्याच्यावर लक्ष ठेवणारी स्वतंत्र संस्था असावी.

तिसरं तत्त्व, लोकांचं जगणं. यात मोठे उद्योग सरकारकडे आणि जमिनीच्या हक्कांची समान वाटणी. जमिनीची युक्ती त्यांनी अमेरिकन विचारवंत हेन्री जॉर्जच्या विचारातून घेतली आणि आपल्या पद्धतीने मांडली. जमिनीची किंमत मालकानेच सांगायची. जास्त सांगितली तर कर जास्त बसेल, कमी सांगितली तर सरकार त्याच किमतीला जमीन विकत घेईल. म्हणजे मालक आपोआप खरं बोलेल. पुढे शहर वाढून किंमत चढली तर ती वाढ समाजाची, कारण ती मालकाने कमावलेली नाही. आज आपल्याकडे रस्ता जाहीर झाला की शेजारच्या जमिनीचे भाव कसे उडतात ते आपण पाहतोच. हा विचार शंभर वर्षांपूर्वीचा आहे.

शिकवणीचा काळ

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे. हे सगळं आणायचं कसं? सन यांनी क्रांतीचे तीन टप्पे सांगितले. आधी लष्करी काळ, म्हणजे सरदारांना हटवणं. शेवटी राज्यघटनेचा काळ, म्हणजे पूर्ण लोकशाही. आणि मधला टप्पा, ज्याला आपण ‘शिकवणीचा काळ’ म्हणू. या काळात पक्षाने लोकांना लोकशाही शिकवायची.

एप्रिल १९२४ च्या आराखड्यात याचा तपशील आहे आणि तो वाईट नाही. घटक जिल्ह्याचा. जिल्ह्यात शिरगणती करा, जमीन मोजा, रस्ते बांधा, पोलीस नेमा, लोकांना चार हक्क वापरायला शिकवा. एवढं झालं की तो जिल्हा स्वयंशासित. असे जिल्हे मिळून प्रांत, आणि निम्म्याहून जास्त प्रांत तयार झाले की राष्ट्रीय सभा आणि राज्यघटना. लोकशाही खालून वर जाणार. ग्रामस्वराज्याचा विचार ऐकत वाढलेल्या आपल्याला हे पटेलसुद्धा.

मग अडचण कुठे होती? शिकवणार पक्ष, परीक्षा घेणार पक्ष, आणि उत्तीर्ण की अनुत्तीर्ण हेही ठरवणार पक्षच. विद्यार्थ्याने शिक्षकाला नापास करायची सोय मात्र कुठेच नव्हती.

१२ मार्च १९२५ ला सन बीजिंगमध्ये वारले. पक्षात त्यांची जवळजवळ पूजा सुरू झाली: दर सोमवारी तसबिरीला वंदन आणि मृत्युपत्राचं वाचन. १९२६ च्या जुलैमध्ये चँग कै-शेकच्या नेतृत्वाखाली उत्तरेची मोहीम निघाली. १२ एप्रिल १९२७ ला शांघायमध्ये चँगने आपल्याच मित्रपक्षाच्या कम्युनिस्टांवर आणि कामगार संघटनांवर सशस्त्र हल्ला चढवला. हजारोंचे जीव गेले.

त्या वेळी कुओमिंतांगचा डावा गट वूहानमध्ये वेगळं सरकार चालवत होता, आणि तिथे आपल्या ओळखीचा एक माणूस होता: मानवेंद्रनाथ रॉय. कम्युनिस्ट इंटरनॅशनलचे प्रतिनिधी म्हणून ते आले होते. कम्युनिस्टांनी स्वतःचं सैन्य उभारावं, जमीन जप्त करावी, अशा सूचना असलेली स्टॅलिनची तार रॉय यांनी डाव्या गटाचे नेते वांग चिंग-वेई यांना दाखवली. विश्वासाने दाखवली, परिणाम उलटा झाला. जुलैमध्ये वूहाननेही कम्युनिस्टांशी संबंध तोडले. हेच रॉय पुढे भारतात परतले, १९३१ मध्ये मुंबईत पकडले गेले, आणि महाराष्ट्रात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींसारखे विचारवंत त्यांच्याकडे ओढले गेले. उत्तरायुष्यात रॉय यांनी आपला पक्षच विसर्जित केला आणि पक्षाविना लोकशाहीचा विचार मांडला.

१९२८ अखेर देश निदान नकाशावर एक झाला. सरकारने जाहीर केलं: लष्करी काळ संपला, शिकवणी सुरू. या काळात लोकांच्या राष्ट्रीय सभेचे अधिकार पक्षाचं अधिवेशन वापरणार. मुदत सहा वर्षं, १९३५ पर्यंत.

१९२९ मध्येच हू शी या विचारवंताने यावर बोट ठेवलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: लोकशाही हेच लोकशाहीचं शिक्षण असतं. मत देता देता माणूस मत द्यायला शिकतो. आणि शिकवणीची गरज फक्त लोकांना नाही, सरकारलाही आहे. कायद्याच्या चौकटीत राहायला आधी पक्षाने शिकावं. शिक्षण मंत्रालयाने या लेखांबद्दल त्यांना समज दिली. शिकवणीच्या काळातला हा पहिला धडा म्हणायला हरकत नाही.

गावोगाव काय झालं? स्वयंशासनाऐवजी १९३२ पासून ‘पाओ-चिया’ ही जुनी पद्धत परत आली. दहा घरांचा एक गट, तसे दहा गट मिळून त्याहून मोठा गट, आणि एकाच्या गुन्ह्याला सगळे जबाबदार. मतदार घडवायचे होते, त्याऐवजी शेजारी शेजाऱ्यावर पाळत ठेवू लागला. जमिनीचंही तसंच. १९३० च्या कायद्याने खंड मुख्य पिकाच्या ३७.५ टक्क्यांवर आणला, पण तो बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिला. खेड्यात सरकारचे आधारस्तंभ जमीनदारच होते, अंमल करणार कोण?

न्याय म्हणून हेही सांगायला हवं की या सरकारला शांतता कधी मिळालीच नाही. १९३१ मध्ये जपानने मांचुरिया घेतला आणि १९३७ पासून पूर्ण युद्ध पेटलं. त्याच युद्धात १९३८ साली भारतातून पाच डॉक्टरांचं पथक गेलं, त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. त्या लढ्यात कुओमिंतांगच्या सैनिकांनी प्रचंड हानी सोसली, हे विसरून चालणार नाही. पण संकट खरं असलं तरी ते सबबही बनतं. सहा वर्षांची शिकवणी लांबत गेली. राज्यघटना लागू झाली २५ डिसेंबर १९४७ ला, गृहयुद्धाच्या धुमश्चक्रीत. आणि पाच महिन्यांच्या आत, मे १९४८ मध्ये, ‘तात्पुरत्या तरतुदी’ आणून तिचा बराच भाग बाजूला ठेवला गेला.

तैवानमधला उत्तरार्ध

१९४९ मध्ये पक्ष तैवानला गेला. त्याआधीच, १९४७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, तिथल्या उठावात या सरकारने हजारो माणसं मारली होती. २० मे १९४९ ला लागू केलेला लष्करी कायदा १५ जुलै १९८७ पर्यंत, म्हणजे ३८ वर्षं टिकला. मुख्य भूमीवर निवडून आलेले संसद सदस्य तसेच बसून राहिले. नवी निवडणूक घ्यायला मुख्य भूमी हातात नाही, हे कारण. ते थेट १९९१ च्या अखेरीस निवृत्त झाले. लेई चन हे पक्षाच्याच मुशीतले गृहस्थ. त्यांनी १९६० मध्ये विरोधी पक्ष काढायचा प्रयत्न केला आणि दहा वर्षं तुरुंगात काढली.

पण याच तैवानमध्ये दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. एक, जमीन. १९४९ मध्ये खंड ३७.५ टक्क्यांवर आला आणि १९५३ मध्ये कुळांना जमीन मिळाली. तोच आकडा, तोच पक्ष, पण या वेळी अंमल झाला, कारण इथले जमीनदार पक्षाचे कुणी लागत नव्हते. दोन, १९५० पासून जिल्हा आणि गावपातळीवर निवडणुका सुरू झाल्या. पक्षाला वाटलं, एवढं दिलं तर धोका नाही. पण लोकांनी तेवढ्याच जागेत सराव केला. पक्षाबाहेरचे उमेदवार उभे राहू लागले, हरू लागले, जिंकू लागले. त्यांतूनच २८ सप्टेंबर १९८६ ला, लष्करी कायदा असतानाच, विरोधी पक्ष स्थापन झाला. १९९६ मध्ये अध्यक्षाची थेट निवडणूक झाली आणि २००० मध्ये कुओमिंतांग हरला. त्याने सत्ता शांतपणे सोडली.

मग शिकवणी यशस्वी झाली का?

हा प्रश्न नेहमी विचारला जातो. काहीजण म्हणतात, बघा, उशिरा का होईना, सन यांचा आराखडा खरा ठरला. आम्हाला त्यात अर्धच सत्य दिसतं. जिल्ह्यापासून सुरुवात करा, हा भाग खरा ठरला. पण लोक शिकले ते पक्षाच्या प्रवचनातून नव्हे, मतपेटीतून. आणि परीक्षेची तारीखही पक्षाने आपण होऊन ठरवली नाही. तुरुंगात गेलेल्यांनी ती ओढून आणली.

भारताने याच्या बरोबर उलट केलं. १९५१-५२ मध्ये बहुसंख्य मतदार निरक्षर असताना सगळ्यांना एकदम मत दिलं, आणि चिन्हं ओळखून लोकांनी ते वापरलं. आपल्या लोकशाहीत दोष पुष्कळ आहेत. पण ‘तुम्ही तयार नाही’ असं सांगायचा अधिकार आपण कुठल्याही पक्षाच्या हातात दिला नाही.

सन यत्-सेन यांच्याच मोटारीच्या दाखल्याने थांबू. मालकाला गाडी चालवता येत नसेल, हरकत नाही. पण चालकाने जर म्हटलं, मालक म्हणून वागायला तुम्ही अजून शिकला नाहीत, तोवर किल्ली माझ्याकडेच राहील, तर ती गाडी कुणाची झाली? कुओमिंतांगच्या इतिहासातून आपण एवढा प्रश्न बरोबर घेऊन जाऊ.